पाचांमुखी परमेश्वर, पण पाचही वेगळे हवेत!

मंडळी, गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला तुमच्यापैकी बरेच जण हजर होता, त्यामुळे या लेखातली अर्धी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. उरलेली अर्धी सांगण्यासाठी संपादकांनी पुरवणीची एवढी पाने दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हायस्कूलचे भाड्याने घेतलेले सभागृह, तीनशेच्या आसपास प्रेक्षक, आणि नाटकाचा दुसरा अंक ऐन रंगात आलेला. एवढ्यात आगीची घंटा कर्कश वाजू लागली आणि भिंतीवरचे पांढरे दिवे उघडझाप करू लागले. स्टेजवरची मंडळी क्षणभर थबकली. पण आपले नट तरबेज! त्यांच्यातल्या एकाने "अगं, बघ कुणाचा फोन वाजतोय!" असे पदरचे वाक्य टाकले, हशा पिकला, टाळ्याही पडल्या आणि नाटक पुढे सुरू झाले. घंटा वाजतच राहिली.

मी चौथ्या रांगेत होतो. एका बाजूला साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई, तिचा वॉकर भिंतीला टेकवून ठेवलेला. दुसऱ्या बाजूला मंडळाचे एक माजी अध्यक्ष. मला किंचित जळका वास आल्यासारखे वाटले. पण मागे बटाटेवडे गरम करणे चालू होते, आणि आदल्या वर्षी कापराच्या आरतीनेही हीच घंटा वाजली होती. मी अध्यक्षांकडे पाहिले. ते शांतपणे स्टेजकडे बघत होते. मनात म्हटले, या माणसाने हे सभागृह दहा वेळा घेतलेले आहे, काही गंभीर असते तर ते उठलेच असते. मी बसून राहिलो.

शेवटी उठली कोण? तर स्वयंसेवकांपैकी एकाची नऊ-दहा वर्षांची मुलगी. दाराशी जाऊन ती मोठ्याने म्हणाली, "फायर ड्रिल! सगळे बाहेर! लाईन करा ना!" दोन आया तिच्यामागे उठल्या, मग एक रांग उठली, आणि मग दोन-तीन मिनिटांत अख्खे सभागृह पार्किंग लॉटमध्ये उभे होते. कॉफीचे मोठे विजेचे भांडे आणि जेवण गरम ठेवायच्या दोन शेगड्या आपण एकाच एक्स्टेन्शन कॉर्डवर लावल्या होत्या. कॉर्ड वितळली आणि टेबलावरच्या कागदी आच्छादनाने पेट घेतला. बंबवाल्यांनी पाच मिनिटांत विझवले. कुणाला काही झाले नाही.

नंतर कार्यक्रमाच्या व्हिडिओवर मी वेळ मोजली. घंटा सुरू झाल्यापासून पहिली रांग उठेपर्यंत चार मिनिटे दहा सेकंद गेली होती. तीनशे माणसे, त्यांत डॉक्टर डझनभर, इंजिनियर तर मोजायलाच नकोत! आणि माझी स्वतःची पीएच.डी. कशावर? तर यंत्रातला एखादा सेन्सर बिघडला तर बाकीच्या सेन्सरांवर किती विश्वास ठेवावा यावर. घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढं शिकून काय उपयोग?" उत्तर माझ्याकडे नव्हते. म्हणून वाचायला बसलो.

अंधारातला ठिपका

सुरुवात मुझफ्फर शेरीफ या तुर्की मानसशास्त्रज्ञापासून करायला हवी. १९३५ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठात एक साधा प्रयोग केला. पूर्ण काळोख्या खोलीत माणसाला बसवायचे आणि दूरवर प्रकाशाचा एक बारीक ठिपका दाखवायचा. ठिपका प्रत्यक्षात जागचा हलत नाही. पण आजूबाजूला काहीच दिसत नसले की डोळ्यांना तो हलल्याचा भास होतो. रात्री आकाशात एकाच ताऱ्याकडे टक लावून पाहा, तुम्हालाही होईल. शेरीफ विचारायचे, ठिपका किती इंच हलला?

एकेकट्याला विचारले तेव्हा प्रत्येकाने आपापला आकडा धरला. कुणाचा एक-दोन इंच, कुणाचा सात-आठ. मग दोघा-तिघांना एकत्र बसवून मोठ्याने उत्तरे द्यायला सांगितली. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही, वादही घातला नाही. तरी आकडे हळूहळू जवळ येत गेले आणि गटाचा एकच आकडा ठरला. खरी गंमत पुढे आहे. त्यानंतर त्यांना पुन्हा एकेकटे बसवले, तेव्हाही ते गटाचाच आकडा सांगत राहिले. म्हणजे हा देखावा नव्हता. त्यांना खरोखरच तसे दिसू लागले होते.

१९६१ साली जेकब्स आणि कॅम्पबेल या दोघांनी यावर कडी केली. त्यांनी गटात आपली सामील माणसे बसवली आणि त्यांच्याकरवी मुद्दाम फुगवलेला आकडा रूढ केला. मग एकेक करून जुना माणूस बाहेर काढायचा आणि नवा आत घ्यायचा. मूळची सामील माणसे सगळी निघून गेली, तरी तो बनावट आकडा पुढच्या चार-पाच पिढ्या टिकला आणि मग सावकाश विरत गेला. एखादी रीत कुणी पाडली हे आठवणारे कुणी उरलेले नसते, पण ती चालू असते, याचा अनुभव आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

रेघा आणि लाज

आता दुसरा प्रयोग, जो बहुतेकांनी ऐकलेला असतो. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ साली तो प्रसिद्ध केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी लांब आहे ते सांगायचे. उत्तर लहान मूलही देईल इतके उघड. पण खोलीतली बाकी सगळी माणसे सामील, आणि ठरलेल्या वेळी ती एकमुखाने चुकीचे उत्तर देतात. शेवटी पाळी येते बिचाऱ्या खऱ्या उमेदवाराची. अशा प्रसंगी सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटासारखी चुकीची आली. चारांपैकी तीन जण निदान एकदा तरी गटामागे गेले. एकट्याने उत्तरे देणारे मात्र जवळजवळ कधीच चुकले नाहीत.

शेरीफ आणि अ‍ॅश यांचे प्रयोग लोक एकाच माळेत ओवतात. तसे करू नये. अ‍ॅश यांच्या खोलीत उत्तर डोळ्यांसमोर होते. तिथे बहुतेकांचा प्रश्न 'खरे काय?' हा नव्हता, तर 'चारचौघांत वेडा कोण ठरणार?' हा होता. शेरीफ यांच्या खोलीत उत्तरच दिसत नव्हते. तिथे शेजाऱ्याचा आकडा हाच काय तो पुरावा. १९५५ साली डॉइच आणि जेरार्ड यांनी हा फरक नीट मांडला. एक ओढ असते ती लोकांना बरे वाटावे म्हणून, आणि दुसरी असते ती लोकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल म्हणून. पहिली ओढ आपल्याला कळते, कारण ती मनाला टोचते. दुसरी टोचत नाही, कारण त्या वेळी आपण शहाणपणाने वागतो आहोत असेच वाटत असते.

मी दोन्ही ओढी एकाच दिवशी अनुभवल्या आहेत. तारीख २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो ही बातमी पहाटे दिल्लीहून निघाली, दुपारपर्यंत भारतभर झाली आणि त्याच दिवशी इंग्लंड-अमेरिकेतल्या देवळांपर्यंत पोचली. मी तेव्हा साताऱ्यात शाळेत होतो. आजोबांबरोबर दोन तास रांगेत उभा राहिलो, चमचा सोंडेला लावला, आणि दूध कमी झाले! त्याच वेळी मूर्तीच्या पोटावरून खाली जाणारी एक ओली रेघही मला दिसली. बाहेर आल्यावर मित्राने विचारले, "प्यायला?" मी म्हटले, "प्यायला." पुढे दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ती रेघ सगळ्यांना दाखवली. पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या काठावरून ओढले जाते आणि पातळ थराने दगडावरून ओघळते. कुणाच्या श्रद्धेबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. माझा प्रश्न माझ्यापुरता आहे. त्या रांगेतल्या कित्येकांना खरोखर तसे दिसले, आणि मला रेघ दिसूनही मी बोललो नाही. बाहेरून मात्र आम्ही सगळे सारखेच दिसत होतो.

योगायोग असा की अ‍ॅश यांच्या लहानपणीची आठवणही अशीच आहे. पोलंडमध्ये सात वर्षांचे असताना पासओव्हरच्या रात्री आजीने एक जादा पेला भरून ठेवला. तो एलिजा नावाच्या प्रेषितासाठी, तो येऊन घोटभर पिऊन जातो, तू नीट बघ, असे काकाने सांगितले. मुलाने डोळे लावून पाहिले, आणि पेल्यातली वाईन किंचित खाली गेल्यासारखी त्याला वाटली.

धूर आणि शांत चेहरे

आपल्या सभागृहाला सर्वांत जवळचा प्रयोग लाटाने आणि डार्ली यांचा, १९६८ सालचा. एका खोलीत विद्यार्थी प्रश्नावली भरत बसला आहे. भिंतीतल्या झरोक्यातून धूर येऊ लागतो. विद्यार्थी एकटा असेल तर ७५ टक्के जण उठून कळवतात. सोबत मुद्दाम निवांत राहणारी दोन सामील माणसे असतील तर? फक्त १० टक्के! बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने वारत प्रश्नावली भरत राहिले. आणि तिघेही खरेच अजाण असतील तर? तिघांपैकी निदान एकाने कळवल्याचे प्रमाण ३८ टक्के. एकट्या माणसाच्या निम्मे.

हा शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथे फसवणारे कुणीच नव्हते. मग झाले काय? संकट आहे की नाही याची खात्री नसली की माणूस प्रथम स्वतःचा चेहरा सांभाळतो. उगीच घाबरलेला दिसू नये म्हणून शांत राहतो आणि हळूच इतरांकडे बघतो. इतरही तेच करत असतात. प्रत्येकाला दोन शांत चेहरे दिसतात आणि प्रत्येक जण त्यांचा अर्थ लावतो, 'यांना माहीत आहे, काही नाही.' खरे तर कुणालाच काही माहीत नसते. आई माझ्याकडे बघत होती, मी अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष स्टेजकडे. (अध्यक्षांनी नंतर मला सांगितले, "मी नटांकडे बघत होतो. म्हटलं, ते थांबले तर उठू." आणि नट? ते आपल्याकडे बघत होते!)

१९९६ साली बॅरन, व्हॅन्डेलो आणि ब्रन्समन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ओळखपरेडीसारखे काम होते. आधी गुन्हेगाराचे चित्र बघायचे, मग चौघांतून तो ओळखायचा, आणि सामील माणसे चुकीचे उत्तर देणार. काही जणांना सांगितले की हे किरकोळ आहे, आणि काहींना की याचा पुढे पोलीस आणि न्यायालये वापर करणार, बिनचूक उत्तरांना बक्षीसही आहे. काम सोपे होते तेव्हा महत्त्व कळल्यावर लोक गटामागे कमी गेले. पण चित्र क्षणभरच दाखवून काम अवघड केले, तेव्हा महत्त्व कळल्यावर लोक गटामागे जास्त गेले. म्हणजे 'खरी वेळ आली की माणसे स्वतःच्या डोक्याने वागतील' हे अर्धेच खरे. वेळ खरी आणि चित्र धूसर असे दोन्ही जुळून आले, तर माणूस अधिकच शेजाऱ्याकडे बघतो.

मग लोकांचे ऐकूच नये की काय?

तसे मुळीच नाही. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण काही मूर्खांनी केलेली नाही. या देशात आल्यावर पहिल्या महिन्यात आपण काय केले? लाँड्रोमॅटमध्ये पुढचा माणूस नाणी कुठे टाकतो ते पाहिले, चार बाजूंनी स्टॉप असलेल्या चौकात पुढची गाडी काय करते ते पाहिले, आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला यजमान कोणता काटा उचलतो तेही पाहिले. सगळे स्वतः शोधून काढायचे म्हटले असते तर आपण अजून विमानतळावरच असतो.

यामागे गणितही आहे. १७८५ साली फ्रान्समध्ये कोंदोर्से यांनी ते मांडले. समजा, एखाद्या हो-नाही प्रश्नाचे बरोबर उत्तर देण्याची एका माणसाची शक्यता ७० टक्के आहे. अशा पाच जणांनी मतदान केले तर बहुमत बरोबर असण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के होते. अकरा जणांनी केले तर ९२. पाचांमुखी परमेश्वर म्हणतात ते हेच.

प्रत्यक्षातला दाखला १९०६ सालचा. इंग्लंडमध्ये प्लिमथ इथल्या गुरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे, कापून साफ केल्यावर किती वजन भरेल ते ओळखण्याची पैज लागली होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी सगळी तिकिटे मिळवून ७८७ अंदाजांचा अभ्यास केला. लोकशाहीतल्या मताची किंमत तपासावी हा हेतू. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध आला तो १२०७ पौंड. खरे वजन ११९८. चूक एक टक्क्याहून कमी!

पण बैलाच्या त्या तिकिटांत एक गोष्ट होती, जी आपल्या सभागृहात नव्हती. प्रत्येकाने आपला आकडा आपल्यापुरता लिहून दिला होता. शेजाऱ्याचे तिकीट बघून नव्हे. कोंदोर्से यांचे गणितही याच अटीवर उभे आहे. पाच मते एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. पहिल्याचे ऐकून बाकी चौघांनी मान डोलावली, तर ती पाच मते नव्हेत. ते एकच मत पाच वेळा मोजलेले आहे.

भरलेले हॉटेल आणि रिकामे हॉटेल

ही अट किती सहज मोडते हे १९९२ साली अभिजित बॅनर्जी यांनी एका लेखात दाखवले. तेच बॅनर्जी, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. जन्म मुंबईचा आणि आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. त्यामुळे थोडेसे आपलेच! त्यांचे उदाहरण मी आपल्या भाषेत सांगतो.

शेजारी-शेजारी दोन हॉटेले आहेत. 'अ'चे नाव अगदी किंचित बरे, म्हणजे ५१ विरुद्ध ४९ असे. शंभर माणसे एकामागून एक येतात. प्रत्येकाच्या कानावर कुठून तरी एक खबर आलेली आहे. शंभरांपैकी ९९ जणांची खबर सांगते की 'ब' चांगले. फक्त एकाची खबर सांगते की 'अ' चांगले. पण नेमका तो एकच सर्वांत आधी येतो. तो 'अ'मध्ये जातो. दुसऱ्याची खबर 'ब'ची. पण तो बघतो की पहिला 'अ'मध्ये गेला, म्हणजे त्याची खबर 'अ'ची असणार. दोन खबरी एकमेकींना कापतात. मग उरते ते मूळचे ५१ विरुद्ध ४९, म्हणून तोही 'अ'मध्ये जातो. आता तिसरा. दुसऱ्याच्या जाण्यातून त्याला नवे काहीच कळत नाही, कारण दुसरा त्याची खबर काहीही असती तरी 'अ'मध्येच गेला असता. म्हणून तिसऱ्याची स्थिती अगदी दुसऱ्यासारखीच. तोही 'अ'मध्ये. आणि असेच शंभरापर्यंत! शेवटी 'अ'च्या दारात रांग, 'ब'मध्ये वेटर माश्या मारतोय, आणि ९९ माणसांच्या खिशात 'ब' चांगले असल्याची खबर तशीच पडून आहे.

यात मूर्ख कुणीच नाही. प्रत्येकाने हातातल्या माहितीवर बिनचूक हिशेब केला. पण ज्या क्षणी माणूस दुसऱ्याचे बघून ठरवतो, त्या क्षणी त्याची स्वतःची माहिती बाकीच्यांच्या दृष्टीने नाहीशी होते. रांग शंभर माणसांची दिसते आणि तिच्यात माहिती असते एका माणसाची. आपल्या सभागृहात तर एकाचीही नव्हती.

२०११ साली झुरिकमध्ये १४४ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगातही हेच दिसले. आकड्यांचे अंदाज करताना इतरांचे अंदाज दाखवले की सगळ्यांचे आकडे जवळ आले, पण अचूकपणा काही वाढला नाही. वाढला तो फक्त आत्मविश्वास.

माझ्या धंद्यातली गोष्ट

आम्हा इंजिनियरांना ही अट चांगली ठाऊक असायला हवी. १९८१ ते २०११ या काळात उडालेल्या स्पेस शटलमध्ये उड्डाणाचे पाच संगणक होते. चार जण एकच प्रोग्रॅम चालवून एकमेकांशी उत्तरे पडताळत. एखादे यंत्र बिघडले तर बाकीचे त्याला ओळखून काढत. पण प्रोग्रॅममध्येच चूक असेल तर? चौघेही एकमताने, एकाच क्षणी चुकतील. म्हणून पाचव्या संगणकावर दुसऱ्या चमूने वेगळा लिहिलेला प्रोग्रॅम ठेवलेला असे. चार एकसारख्यांच्या एकमताला काय किंमत द्यायची, हे त्या लोकांनी आधीच ठरवले होते.

तेवढ्यानेही पूर्ण सुटका होत नाही. १९८६ साली नाइट आणि लेव्हसन यांनी व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांकडून एकाच कामाचे २७ प्रोग्रॅम वेगवेगळे लिहून घेतले आणि दहा लाख चाचण्या घेतल्या. एकेकटे प्रोग्रॅम उत्तम होते. पण जिथे चुकले तिथे दोन-तीन जण एकदमच चुकण्याचे प्रमाण, ते खरोखर स्वतंत्र असते तर जेवढे असायला हवे होते, त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. एकमेकांचे न बघताही माणसे एकाच अवघड वळणावर घसरतात. मग बघून किती घसरत असतील!

म्हणून आमच्या क्षेत्रात काही साध्या युक्त्या रूढ आहेत. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना प्रत्येकाने आपला आकडा पत्त्यावर लिहायचा आणि सगळ्यांनी पत्ते एकदम उलटायचे. साहेबांनी आधी आकडा सांगितला की बैठक संपली म्हणून समजा. ही कल्पना काही नवी नाही. प्राचीन ज्यू न्यायसभेत मृत्युदंडाच्या खटल्यात मत देण्याची सुरुवात कनिष्ठांपासून करण्याचा नियम होता, कारण ज्येष्ठ आधी बोलले तर धाकटे त्यांच्याविरुद्ध बोलणार नाहीत. आपल्याकडे 'मोठ्यांनी बोलावे, लहानांनी ऐकावे' हा रिवाज. घरात तो शोभतो. पण कमिटीच्या बैठकीत मात्र त्याने घात होतो.

अ‍ॅश यांच्या प्रयोगांतही दोन दिलासे आहेत. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिले की गटामागे जाणे बरेच कमी झाले. आणि खोलीत एकच माणूस जरी खरे बोलणारा असला, तरी चुकीची उत्तरे जवळजवळ एक चतुर्थांशावर आली. बहुमत लागत नाही, एक माणूस पुरतो. आपल्याकडे तो एक माणूस चौथीत शिकत होता.

तिने हे कसे केले? ती आपल्यापेक्षा धीट होती असे मला वाटत नाही. तिच्यापुरता प्रश्न धूसरच नव्हता. शाळेत वर्षभर कवायत करून घंटेचा अर्थ तिच्या मनात आधीच ठरलेला होता. घंटा वाजली की बाहेर. खरी की खोटी हे बाहेर उभे राहून बघायचे. आपण मात्र घंटा वाजल्यावर अर्थ लावायला बसलो, आणि अर्थासाठी शेजाऱ्याकडे पाहिले.

म्हणून कमिटीने माझ्या दोन सूचना मान्य केल्या आहेत. यापुढे प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला, गणेशवंदनेच्या आधी, बाहेर जायची दारे दाखवली जातील. आणि दोन स्वयंसेवकांची नावे जाहीर केली जातील. घंटा वाजली की कुणाकडेही न बघता उठायचे एवढेच त्यांचे काम. नाटक थांबले तरी चालेल. खोटी घंटा निघाली तर पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करू. तिसरी सूचना, म्हणजे बैठकीत आधी लिहायचे आणि मग बोलायचे, तिच्यावर एकमत झालेले नाही. हे ऐकून मला बरेच वाटले.

आता ती उरलेली अर्धी गोष्ट. त्या रात्री घरी परतताना गाडीत आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घंटा वाजली तेव्हाच मला उठावंसं वाटलं होतं रे. पण तू बसलेला दिसलास. म्हटलं, इथल्या पद्धती तुला माहीत. काही असतं तर तू मला उठवलंच असतंस."

मी अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून माहिती काढत होतो, आणि त्याच वेळी माझ्या चेहऱ्यावरून आई माहिती काढत होती. तिला दारापर्यंत जायला वॉकर घेऊन तीन मिनिटे लागतात. हे सगळे वाचून झाल्यावर आता कुठेही अशी शंका आली की मी शेजाऱ्याकडे बघतोच, ती सवय जायची नाही. पण त्याच्याकडे बघून मोठ्याने विचारतो, "तुम्हाला काही माहीत आहे, की तुम्हीही माझ्याकडेच बघताय?" आजवर बहुतेक वेळा उत्तर दुसरेच आले आहे.

आई येत्या मे महिन्यात पुन्हा येते आहे. कार्यक्रमाला ती येणारच. तिची खुर्ची या वेळी दाराजवळ ठेवली आहे.